पलूसच्या शाळेचा चुना

पलूस, ८ फेब्रुवारी १९४४

तीर्थरूप आबांच्या पायांवर अंजनाचे डोके.

आबा, मी इथे चुन्याची भट्टी लावली आणि चुना उत्तम उतरला.

सिमेंट सगळं लढाईकडे जातं, म्हणून मी शिकवते त्या मुलींच्या शाळेचं बांधकाम अडलं होतं आणि वर्ग गोठ्यात भरत होता. मी ओढ्यातली चुनखडी जमवली आणि तुमच्यासारखे कोळशाचे थर दिले. विस्तव मुलानेच घालायचा, ही आपल्या घरची रीत. पण दादा पलटणीत, म्हणून मीच घातला. गावचे हरिबा पाटील म्हणाले, "बी. ए. होऊन भट्टी लावता व्हय? चुना बिघडला तर पोरी गोठ्यातच बसतील."

भट्टी निवल्यावर खड्यांवर पाणी ओतलं. आधी काहीच होईना. मग वाफ उसळली, खडे फुटले आणि पांढरंशुभ्र पीठ झालं. शेजारच्या रंगुबाई म्हणाल्या, "आवं पाटील, आता बोला की."

हाताला थोडं भाजलंय, ही ओळ आईला वाचून दाखवू नका. दादाचं पत्र आलं का?

आता चावडीसाठीही भट्टी लावायची आहे. विस्तव घालायला तुम्हाला बोलावते म्हटलं, तर पाटील म्हणाले, "न्हाई, बाईंनीच घालायचा." तुम्ही मात्र या आणि माझ्या शेजारी उभे राहा.

तुमची लेक,
अंजना