मेणात ठेवलेला नमुना

बाबा, आज आनंद पोटात मावत नाही आणि तो सांगायला तुमच्याशिवाय कुणी सुचत नाही, म्हणून दुपारचा टिफिन तसाच ठेवून लिहायला बसले. तंबाखूच्या खर्र्याने तुमच्या तोंडात गाठ धरली आणि ऑपरेशन ठरलं, ती सकाळ अजून डोळ्यांसमोर आहे. डॉक्टरीणबाई कॉटपाशी येऊन विचारताहेत, काढलेल्या गाठीचा तुकडा संशोधनासाठी ठेवू का. "आपका नमूना रखना है, अंकल." आणि तुम्ही म्हणता, "रखो ना! घर में भी सब मुझे नमूना ही बोलते हैं." सगळा वॉर्ड हसला. आई तेवढी चिडली. "कापून काढलेलं ते कावून ठेवून राहिले हे लोक?" तुम्ही तिला तुमच्या स्टील प्लांटच्या भाषेत समजावलंत, "भट्टीतून स्टील सोडाच्या आधी आमी चमचाभर काढून लॅबमंदी पाठवतो. आत काय शिजून राहिलं, ते त्यावरूनच समजते. मले नाही, तं दुसऱ्या कोणाले कामी येईन." तुम्हाला ते कामी आलं नाहीच. पण पुढे मी याच कामाचं शिक्षण घेतलं, ते त्या सकाळमुळे.

आता मी त्याच हॉस्पिटलच्या टिश्यू बँकेत, असे तुकडे जपून ठेवतात तिथे, काम करते. मेणात बसवलेले तुकडे कपाटं भरून आहेत. त्यांच्यावर नाव नसतं, नुसता कोड. कोणता कुणाचा, हे आम्हालाही कळत नाही. एकच औषध एकाला लागू पडतं आणि दुसऱ्याला का नाही, हे शोधायला पुष्कळ जणांचे तुकडे शेजारी शेजारी ठेवून पाहावे लागतात. मध्यंतरी एका संशोधन गटाने तोंडाच्या कॅन्सरचे नेमके तुमच्या काळातले तुकडे मागितले. इतक्या वर्षांनी ते निकामी झाले असतील तर? आज सकाळी तपासणीचा निकाल आला. शाबूत आहेत! मी लॅबमध्ये चक्क नाचले, बाबा, या वयात. संध्याकाळी सिविक सेंटरच्या बाजारातून आईसाठी पेढे नेणार आहे.

थोड्या वेळापूर्वी त्या तुकड्यांची पेटी न्यायला संशोधन गटाचा ड्रायव्हर आला. "मॅडम, इसमें क्या है?" सांगायचं होतं, सॅम्पल. तोंडातून निघालं, "मेरे बाबा हैं." मग त्याने उघडलेली डिकी बंद केली, पेटी पुढच्या सीटवर ठेवली आणि तिला पट्टा लावला.

हे पत्र कुठे टाकायचं नाहीच, म्हणून खरं सांगते. त्या पेटीत तुम्ही होतात की नाही, मला माहीत नाही. तरी गाडी वळेपर्यंत मी हात हलवत उभी होते.