शेवटच्या डब्याचा लाल दिवा

१२ जानेवारी

चि. सूनबाई हिस,
अ. उ. आ.

इकडे मी ठणठणीत आहे. तुमची खुशाली दोन ओळींत का होईना, पण लगेच कळव. टेलिफोन मेला तेव्हापासून पत्रं नेणाऱ्या-आणणाऱ्या लॉरीवाल्याच्या तोंडाकडे बघत बसावं लागतं, आणि तो बाबा मुलखाचा अबोल.

आधी एक बातमी. बैठकीच्या खोलीचं दार मी बिजागऱ्यांवरून उतरवलं आणि जेवणाच्या टेबलावर आडवं टाकलं. घाबरू नकोस, डोकं ठिकाणावर आहे. त्या दारावर माझ्या दोन्ही नातवंडांसाठी, खार आणि भोपळ्यासाठी, रेल्वे उभी करतोय. तुझा नवरा लहान असताना त्याला मी चावीची आगगाडी आणली होती, ती तू पाहिलीयस. तो गेल्यापासून ती ट्रंक उघडायचा धीर होत नव्हता. परवा उघडली. इंजिनाला तेल दिलं, चावी भरली, तर पठ्ठं धावायला तयार! मला एवढा आनंद झाला की एकटाच मोठ्यांदा हसलो.

रूळ मात्र गंजून गेलेत. नवे कुठून आणायचे? इथे सुईदोरा मिळायची मारामार. मग सुचल्या छत्रीच्या काड्या. शेजारच्या शिंप्याने दोन मोडक्या छत्र्या दिल्या, समोरच्या बाईंनी एक दिली. आता गल्लीत मी दिसलो की लोक आपल्या धडक्या छत्र्या उचलून आत नेतात. पण रूळ झकास झालेत. दाराच्या एका टोकाला माझं स्टेशन, दुसऱ्या टोकाला तुमचं, मध्ये नदी. खरा पूल लढाईत त्यांनी उडवला, तर मी माझा उभा केला, शिंप्याच्या पोलादी पट्टीचा. शिंपी सध्या अंदाजाने कापड कापतो आणि गिऱ्हाइकांच्या शिव्या खातो.

एकच अडचण आहे. शेवटचा डबा सापडत नाही, ज्याच्या मागे लाल दिवा आहे तो. तुम्ही चौघं आला होतात त्या सुट्टीत भोपळा तो मुठीत धरून झोपायचा, तेव्हा तुमच्याबरोबरच गेला असणार. तो धाड. त्याच्याशिवाय मला गाडी चालवता यायची नाही.

आणि मुलांना इकडे पाठव. तुमच्या बाजूला रोज काय काय होतं ते कानावर येतं आणि जीव टांगणीला लागतो. इथे अजून तरी शांत आहे. मुलांना पाठव, मी त्यांना तळहातावर ठेवीन. विचार करत बसू नकोस, पाठवच मुलांना.

तब्येतीला जप. जेवण उभ्याउभ्या उरकू नकोस. आहे तो लोभ दोन्हीकडून असाच राहो.

बाबा


३ फेब्रुवारी

ती. बाबांच्या सेवेशी,
शि. सा. न. वि. वि.

आम्ही तिघं सुखरूप आहोत, हे सगळ्यात आधी, म्हणजे पुढचं तुम्ही स्वस्थपणे वाचाल.

दार काढल्याचं वाचून खूप दिवसांनी पोट धरून हसले. म्हणजे आता आपलं वाजलं तर मी आपटायचं कुठलं दार? लग्नानंतरच्या पहिल्या वर्षात मी ते एकदा आपटलं होतं आणि वरचं घड्याळ खाली आलं होतं. तुम्ही काही न बोलता घड्याळ दुरुस्त केलंत, आणि खिळा मात्र दुसऱ्या भिंतीला ठोकलात. विसरले नाही मी.

आम्ही अजून हॉस्पिटलच्या चादरींच्या खोलीतच राहतो. एका बाजूला धुतलेल्या चादरींचे गठ्ठे, दुसऱ्या बाजूला आम्ही. खिडकीच्या काचांना कागद चिकटवलाय, त्यामुळे दिवसाही दिवा लागतो. खार वॉर्डातल्या बायकांना वर्तमानपत्र वाचून दाखवते आणि वाईट बातम्या स्वतःच गाळते. भोपळा आता भोपळा राहिला नाही, पार दुधी झालाय. खाणं कमी आहे असं नाही, आवाज झाला की त्याचा घास तोंडातच राहतो.

बाळंतिणींच्या वॉर्डात आम्ही तिघी सिस्टर होतो, आता मी आणि एक शिकाऊ मुलगी उरलोय. बाळांना काय कळतं बाहेर काय चाललंय ते, ती आपली येतातच. मला उठून येता येत नाही हो बाबा. आणि मुलांना एकटं पाठवायचंही धाडस होत नाही.

आता रागावू नका, पण बोलल्याशिवाय राहवत नाही. तुमच्या पत्रात मुलांना पाठव असं तीनदा आहे. तू ये, असं एकदाही नाही. समजतं मला. ज्याच्यामुळे मी तुमच्या घरात आले, तोच राहिला नाही, आणि नातवंडं शेवटी तुमच्या रक्ताची. पण वाचताना लागलं, ते लागलंच. ही अपेक्षा करायचं वयही माझं राहिलं नाही, तरी लागलं.

डबा भोपळा देत नाही. माझ्या बाबांचा आहे म्हणतो आणि उशीखाली ठेवतो. मी फार ताणलं नाही.

लेकीइतका नाही तरी सुनेपुरता लोभ आहे असं धरून चालते. तो कमी करू नये.

आपली,
सूनबाई


त्याच पाकिटात

प्रिय आजोबा,
सा. न. वि. वि. (हे आईने लिहायला लावलं. तिला विचारलं याचा अर्थ काय, तर म्हणाली आधी लिही.)

तुम्ही डब्यासाठी अडून बसलात, हा शुद्ध हट्टीपणा आहे. दुसऱ्या डब्याच्या मागे लाल मणी चिकटवा की! मणी मी पाठवू शकते, माझ्या फ्रॉकला आहेत. भोपळ्याशी डब्याबद्दल बोलण्यात अर्थ नाही. मी त्याला माझी रंगाची पेटी देऊ केली, तरी ऐकत नाही.

आमच्या स्टेशनवर बाक ठेवा. लोकांनी वाट बघायची कुठे? आणि पूल मजबूत करा.

तुमचं पत्र वाचून आई कपाटात तोंड घालून उभी राहिली. म्हणाली डोळ्यात धूळ गेली. कपाटात धूळ नाहीये, कपाट मीच पुसते.

तुमची,
खार


२० फेब्रुवारी

चि. सूनबाई हिस,
अ. उ. आ., आणि खार नि भोपळ्याला गालगुच्चे.

खारीचं आधी उरकतो, म्हणजे तिचा आवाज कमी होईल. तिला सांग, मणी चालणार नाही. आजोबा उगीच नाही स्टेशन मास्तर म्हणून म्हातारा झाला. गाडी फलाटाला लागली, माणसं उतरली, हमाल सामान घेऊन चालू लागले, तरी मास्तर ती गाडी आली असं म्हणत नाही. तो शेवटच्या डब्यामागचा लाल दिवा स्वतःच्या डोळ्यांनी बघतो. दिवा दिसला म्हणजे गाडी पुरी आली. नाही दिसला, तर एखादा डबा मागे सुटून अंधारात रुळावर उभा असेल, आणि त्यात माणसं असतील. मग ती लाइन बंद. दुसरी गाडी सोडायची नाही, तिच्यात कितीही मोठा साहेब बसलेला असो आणि तो कितीही ओरडो. मी साहेबांचं ओरडणं भरपूर ऐकलंय. तेव्हा मण्याला दिवा म्हणायचं माझ्याच्याने होणार नाही.

बाक ठेवलाय. शिंप्याने चिंध्यांची तीन माणसं करून दिलीत, ती बाकावर बसवली. मागे तुझं हॉस्पिटल, खोक्याचं. एका खिडकीला पिवळा कागद लावलाय, ती तुमची चादरींची खोली. डोंगरासाठी जुन्या गोणपाटावर खळ लावली आणि वाळल्या चहापत्तीची माती पसरली. घरभर चहाचा वास सुटलाय.

आता तुझं. तुझं पत्र वाचलं आणि दोन दिवस मी कामाला हात लावला नाही. तू वॉर्ड सोडणार नाहीस हे मला ठाऊक होतं. तुला ये म्हणायचं आणि तुझ्या तोंडून नाही ऐकायचं, ते मला नको होतं. म्हणून लिहिलं नाही. मला वाटलं मी फार समजूतदारपणा केला. शिंप्याला सांगितलं तर त्याने कात्री खाली ठेवली आणि म्हणाला की याला समजूतदारपणा म्हणत नाहीत, याला मुखदुर्बळपणा म्हणतात. तो कापड मोजताना चुकतो, पण हे बरोबर बोलला.

मला तुमची फार आठवण येते. तिघांची. हे घर तिघांशिवाय खायला उठतं. गल्लीत चपला वाजल्या की हातातला डिंक तसाच टाकून मी खिडकीशी जातो. दर वेळी शिंपीच असतो. आता तो बिचारा माझ्या दारावरून चपला हातात घेऊन जातो.

लॉरीवाल्याला बोलतं केलं. औषधं पोचवून येताना गाडी रिकामी असते आणि हॉस्पिटलच्या लोकांची मुलं आणू देतात म्हणे, मोठ्यांना मात्र परवानगी नाही. लॉरी नावेवर चढवून नदी ओलांडतात, तेवढाच काय तो धोका. मी आग्रह करत नाही. आई तू आहेस, तू ठरवशील ते बरोबर.

पत्र टाकायला आळस करू नये. लोभ माझ्याकडून रेसभर कमी नाही, समज.

बाबा


११ मार्च

ती. बाबांच्या सेवेशी,
शि. सा. न. वि. वि.

हे पत्र तुम्ही खारीच्या दप्तरातून काढाल. म्हणजे ती दोघं तुमच्यासमोर उभी असतील. पत्र नंतर वाचा, आधी त्यांना जवळ घ्या.

परवा बॉम्बमध्ये आमच्या मागची शाळा गेली. रिकामी होती, पण त्यानंतर माझ्याच्याने धीर धरवेना. लॉरीवाला चाकं तपासतोय, तेवढ्यात हे लिहिते. आमच्या आयाबाई बहिणीकडे जायच्यात, त्यांना कशीबशी परवानगी मिळाली, त्या बरोबर आहेत.

भोपळ्याला आवाजाची भीती वाटते, तेव्हा भांडं पडलं तरी तो टेबलाखाली जाईल. ओढून काढू नका, आपणही खाली जाऊन बसावं लागतं, मग तो आपसूक येतो. तुमच्या गुडघ्यांचं बघा. खार शूर असल्याचा आव आणते. ती फार कामं करायला लागली की समजायचं, तिला रडू येतंय. तेव्हा हातातलं फडकं काढून घ्या.

डब्याचं मात्र भलतंच झालं. तो मी रुमालात गुंडाळून भोपळ्याच्या पिशवीत घातला होता. आता बघते तर माझ्या ॲप्रनच्या खिशात. विचारलं तर म्हणाला की हा तुझ्याकडेच राहू दे, म्हणजे आजोबांना तुला बोलवावंच लागेल. त्याने आपल्या हाताने खिशाचं बटण लावलं.

पण बाबा, लहान आहे तो. तुम्ही आपला मणी लावा नाहीतर काहीही लावा, आणि मुलांना गाडी चालवून दाखवा. इतक्या हौसेने मांडलीत, माझ्यापायी त्यांचा खेळ अडवू नका. मुलं तुमच्यापाशी पोचली की मला सगळं मिळालं. माझं काय, मी इथे कामात असेन, दिवस जातील.

लॉरीवाल्याने भोंगा वाजवला. त्यांच्यावरचा लोभ माझ्या वाटणीचाही तुम्हीच करा.

सूनबाई


१९ मार्च

चि. सूनबाई हिस,
अ. उ. आ.

मुलं सुखरूप आहेत. तू हे वाक्य आधी शोधशील म्हणून आधी लिहिलं.

चपला वाजल्या तेव्हा मी उठलो नाही, म्हटलं शिंपी असेल. तर खारीने येऊन पाठीत धपाटा घातला. भोपळ्याला उचलायला गेलो आणि काय सांगू, दोन पिशव्यांपेक्षा हलका लागला मला पोरगा. आयाबाईंना चहा दिला आणि तुझं पत्र वाचायला आत गेलो. माझ्याही डोळ्यात धूळ गेली. खारीने ओळखलं.

टेबलाखाली बसून झालं दोनदा. गुडघे बोंबलतात, पण टेबलाबाहेर आलेल्या दाराच्या खालून रेल्वेचे स्क्रू बघायला मिळतात म्हणून भोपळ्याला आता तिथे आवडतं. काल त्याने वाटी पुसून खाल्ली. खारीने पहिल्याच दिवशी सगळी खोली झाडायला काढली. मी केरसुणी काढून घेतली, मग ती रडली, चांगली रडली, आणि मग माझ्या स्टेशनचं छप्पर तिरकं आहे म्हणून भांडली.

मुलं आली त्याच्या तिसऱ्या दिवशी गाडी चालवली. म्हटलं, डबे रुळावरून चालतात तरी का बघू. शिंपी दुकान बंद करून आला. भोपळ्याने चावी भरली. इंजिन दोन डबे घेऊन तुमच्या स्टेशनावरून निघालं, छत्रीच्या काड्यांवरून खडखडत, चहाच्या डोंगराला वळसा घालून पुलावर आलं. पट्टी जरा वाकली, खारीने श्वास रोखला. पण पार झालं आणि बरोबर माझ्या फलाटाशी थांबलं. शिंप्याने टाळ्या वाजवल्या. पोरं माझ्याकडे बघत राहिली, मी गाडी आली असं कधी म्हणतो म्हणून.

मी म्हटलं नाही. खार चिडली, एवढी दोघं समोर उभी आहेत आणि अजून आजोबांना गाडी आल्यासारखी वाटत नाही, म्हणून. भोपळा मात्र हसला. त्याला ठाऊकच होतं. घरी आल्यापासून पहिल्यांदा हसला तो.

तेव्हा सूनबाई, नीट वाच. इंजिन आलं, दोन डबे आले. तिसरा मागे राहिलाय, नदीपलीकडे, तुझ्या खिशात, आणि त्यात माणूस आहे. ते माणूस रक्ताचं की कुणाच्या नात्याने आलेलं, हे मास्तर बघत नाही. तो दिवा बघतो. लाल दिवा मी माझ्या डोळ्यांनी बघेपर्यंत ही लाइन बंद आहे. मणी लावणार नाही. मुलंही आता मागत नाहीत, रोज सकाळी गाडीवरची धूळ पुसतात आणि तशीच उभी ठेवतात. बाकावरून चिंधीची दोन माणसं खारीने इकडच्या फलाटावर आणली. तिसरीला तिने लोकरीची शाल पांघरलीय, तिकडे गार असेल म्हणून.

वॉर्ड टाकून ये, असं मी म्हणणार नाही. बाळं येतायत तोवर तू तिथेच असशील, तुला ओळखतो मी. पण परवानगी मिळेल त्या दिवशी ये. लॉरीने ये, नावेने ये, कशानेही ये. तू ये. मागच्या पत्रांतली सगळी बाकी भरून निघाली की नाही, मोजून बघ.

दार अजून टेबलावरच आहे. तू आलीस की रेल्वेसाठी दुसरी फळी बघू आणि दार जागेवर बसवू. मग खुशाल आपट. घड्याळ मी आजच पुन्हा दाराच्या चौकटीवर टांगलंय.

तुझे,
बाबा