थोडं डावीकडे

१ मार्च, रविवार

उद्या निघायचं. कॅरव्हॅन धुऊन पुसून दारात उभी आहे. या प्रवासात रोज डायरी लिहिणार. थोडक्यात, मुद्द्याचं, रडगाणं नाही.

ही सकाळपासून तोंड फुगवून बसली आहे. कारण आमची चिंगी. पुढच्या रविवारी टीव्हीवर तिच्या विनोदी बोलण्याच्या स्पर्धेची फायनल आहे, थेट प्रक्षेपण. स्टुडिओत बसून बघायचा पास तिने पाठवला होता. एकच, आईच्या नावाचा. माझा घाईत राहिला असणार, पोरगी लहानपणापासून धांदरट. मी हिला शांतपणे समजावलं की तळ्याकाठची जागा आधीच ठरवून ठेवली आहे. आणि स्टुडिओत काय दिसतं? पुढच्या माणसाचं टक्कल. टीव्हीवर चेहरा दिसतो, कपाळावरचा घाम दिसतो. शिवाय एकटीने एवढ्या लांब जाणं हिला झेपणार नाही. पास शेजारणीच्या सुनेला देऊन टाकला, फुकट जायला नको.

हिने एवढंच विचारलं की गाडीत टीव्ही नक्की दिसेल ना. मला हसू आलं. अख्खी नोकरी रेल्वेच्या सिग्नल खात्यात गेली माझी. मी शब्द दिला.

३ मार्च, मंगळवार

पोचलो. जागा उत्तम. तळं, झाडं, दहा-बारा कॅरव्हॅन ओळीने उभ्या.

टीव्ही लावला. मुंग्या. पडद्यावर या टोकापासून त्या टोकापर्यंत नुसत्या मुंग्या आणि खरखर. अपेक्षितच होतं. अँटेना अजून पेटीत आहे.

शेजारच्या गाडीत एक दंतवैद्य आणि त्याची बायको. त्यांच्या टपावर घमेल्याएवढी डिश. जन्मभर लोकांचे दात उपटून घेतलेली. त्याने आल्या आल्या हिला सांगितलं की रविवारी आमच्याकडेच या, सगळे मिळून बघू. मी नम्रपणे नाही म्हटलं. स्वतःच्या मुलीला दुसऱ्याच्या टीव्हीवर बघायची वेळ माझ्यावर आलेली नाही. ही काही बोलली नाही, म्हणजे तिला पटलं.

४ मार्च, बुधवार

सकाळी टपावर चढलो. अँटेना एका पाइपला बांधली, पाइप उभा केला. खालून सांगायला हिला खिडकीत बसवलं. ही आत्ताच चहा घेऊन बसली होती, पण काम आधी. हिचा चहा रोजच गार होतो. वेळेचं भान नाही.

आलं का, विचारलं. नाही. आता? नाही. आता? आलं. गेलं. आलं. गेलं.

जुने दिवस आठवले. जुन्या घरी रविवारी संध्याकाळी मी गच्चीवर अँटेना धरून, आणि खाली खिडकीत चार वर्षांची चिंगी. तिचा तो गोड आवाज. बाबा, थोडं डावीकडे. बाबा, अजून थोडं. तास तास चालायचं. मी दमायचो, पण पोरीने कधी कंटाळा केला नाही. बापलेकीचं एवढं जुळलेलं मी दुसऱ्या कुठल्या घरात पाहिलेलं नाही. तिची विनोदबुद्धीही माझ्याकडूनच आलेली. फायनलला विषय काय आहे म्हणून परवा फोनवर विचारलं तर घरगुती आहे म्हणाली, आणि फोन आईला द्या म्हणाली.

दिवसअखेर: मुंग्या आहेत, पण कालच्यापेक्षा बारीक.

५ मार्च, गुरुवार, दुपार

गंभीर प्रकार. मी तळ्याकाठी बसलो असताना हिने हाक मारून सांगितलं की मुंग्या आल्या, खूप आल्या. लगेच टपावर. उन्हात उभं राहून अँटेना चारही दिशांना फिरवून बघितली. दर वेळी विचारलं, गेल्या का. दर वेळी आतून उत्तर, नाही हो, उलट वाढल्यात.

शेवटी खाली उतरलो. टीव्ही बंदच होता. मुंग्या साखरेच्या डब्यात होत्या.

मी हिला बजावलं की माणसाने बोलताना नीट बोलावं, कुठल्या मुंग्या ते आधी सांगावं. सिग्नल खात्यात असा निरोप दिला असता तर दोन गाड्या समोरासमोर आल्या असत्या. ही बराच वेळ डब्यात तोंड घालून उभी होती. खांदे हलत होते. रडू आलं असावं. 

दंतवैद्याच्या गाडीतूनही कसलासा आवाज आला. त्यांच्याकडे सतत काहीतरी विनोदी चालू असतं.

६ मार्च, शुक्रवार

पाइप वाऱ्याने हलतो, हे मूळ दुखणं आहे. मुळावर घाव घालायचं ठरवलं. ड्रिलने टपाला भोक पाडून पाइप आरपार बसवला. काम असं की कुणीही बघत राहावं. दोघं-तिघं राहिलेही बघत.

दुपारी पाऊस. हिच्या अंथरुणावर गळलं. माझ्या बाजूला एक थेंब नाही, म्हणजे भोक अगदी नेमकं पडलंय. हिला पातेलं दिलं.

चित्र: नाही. आवाज: कधी कधी, पण तो शेतीच्या कार्यक्रमाचा.

ही संध्याकाळी कॅम्पच्या ऑफिसातून चिंगीला फोन करायला गेली. मी खिडकीतून बघत होतो. आधी रडत होती, डोळे पुसत होती. मग हसत होती. मग एकदम गंभीर होऊन मान डोलावत होती. परत आली तेव्हा चेहरा मोकळा. मी केलेल्या कष्टांचं सांगितलं असणार.

७ मार्च, शनिवार

जमलं. जमलं म्हणजे जमलंच.

हिच्यात अचानक उत्साह आला आहे. सकाळी मी अंघोळीला गेलो तेवढ्यात हिने स्वतःहून खिडकीतून एक काळी वायर थेट दंतवैद्याच्या गाडीपर्यंत ओढली. ही काय, म्हणून विचारलं. अर्थिंग, म्हणाली. मी थक्क झालो. अर्थिंगचं महत्त्व मी हिला लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात समजावलं होतं. ऐकते, फक्त दाखवत नाही.

मग मी टपावर. पाइप हातात धरला आणि आतून हाक आली, आलं, अगदी स्वच्छ. हात सोडला. गेलं. धरला. आलं. सोडला. गेलं. पाच-सहा वेळा खात्री केली. म्हणजे माझ्या शरीरातून सिग्नल जातो. काही माणसांत असतं तसं. नोकरीतसुद्धा मी केबिनमध्ये आलो की सगळे एकदम शांत व्हायचे.

स्वतः खाली येऊन बघावं तर हात सुटतो आणि चित्र जातं. अडचण आहे. हिने समंजसपणे सुचवलं की उद्या कार्यक्रमभर मी वर उभा राहावं, ती बघेल आणि मला नंतर सगळं सांगेल. मी एका क्षणात होकार दिला. लेक पडद्यावर आणि बाप टपावर. नाव तिचं होणार, मी दिसणार नाही. असं किती जणांना जमतं?

हिने दंतवैद्याच्या बायकोला सांगितलं. ती बाई तोंडाला पदर लावून आत पळाली. मनाने हळवी दिसते.

८ मार्च, रविवार, सकाळ

मनाची तयारी. हलका आहार. पायात रबरी बूट, कारण अंगातून करंट जाण्याची शक्यता.

हिने सकाळीच ऑफिसात जाऊन चिंगीला फोन केला. मी नुसतं यशस्वी हो एवढं सांगायला सोबत गेलो होतो, पण हिने दारातच थांबवलं, पोरीला टेन्शन येईल म्हणाली. काचेतून दिसत होतं, थोडं ऐकूही येत होतं. बाबा वरच असतील, काळजी करू नकोस, असं काहीसं म्हणाली. पोरीला माझी फार काळजी.

८ मार्च, रविवार, कार्यक्रमानंतर

चिंगी जिंकली. पहिली आली.

खांदा धरलाय म्हणून अक्षर वाकडं. क्रमाने लिहितो.

वर चढताना हिने चहाचं आधण ठेवलं होतं. मी पाइप धरला. आलं का? आलं. मग तिने दार लावून घेतलं, पाऊस आत येतो म्हणून. पाऊस होताच, बारीक. थोड्या थोड्या वेळाने खिडकीतून सूचना. थोडं डावीकडे. हां, अजून थोडं. मी डावीकडे होत होत पूर्ण एक फेरी मारली. आधी पायाला मुंग्या आल्या, मग हातालाही. मनात म्हटलं, माझ्यात येऊ देत, पडद्यावर नकोत.

मग हसणं सुरू झालं. एका गाडीतून नाही, सगळ्या गाड्यांतून एकाच वेळी. म्हणजे सगळे आमच्या चिंगीलाच बघत होते. हसू यायचं, थांबायचं, पुन्हा यायचं. शब्द कळत नव्हते. अंगावर काटा आला. ही पोर मी खांद्यावर खेळवली आहे.

शेवटी शेवटी एक विलक्षण गोष्ट घडली. सगळीकडे एकदम शांतता. मग एका गाडीचा पडदा सरकला. मग दुसऱ्या. ओळीने सगळ्या खिडक्यांत तोंडं, सगळी माझ्याकडे वर बघणारी. चिंगीने माझं नाव घेतलं असणार, मी जिथे आहे ती बाबांच्या कष्टांमुळे, वगैरे. डावा हात पाइपवर होता, उजवा उंच करून मी सगळ्यांना अभिवादन केलं. त्यावर जो काही हास्याचा लोट उठला, तसा मी आयुष्यात ऐकलेला नाही. लोक टाळ्या वाजवत होते, खिडक्यांवर थापा मारत होते. तेवढ्यात आतून हिचा आवाज आला, थोडं डावीकडे. जरा दबकाच होता. पण शेजारच्यांनी ऐकला, आणि ते पुन्हा सुरू झाले.

मी डावीकडे झालो.

खाली आल्यावर विचारलं कसं झालं. छान झालं, म्हणाली. विषय? घरगुतीच. मला काय म्हणाली? तुमच्याशिवाय हे शक्य नव्हतं म्हणाली. मी तोंड फिरवून बूट काढत बसलो. डोळे भरून आले होते, उगाच हिला दिसायला नको.

९ मार्च, सोमवार

सकाळी सगळा कॅम्प माझ्याशी बोलतोय. नळावर एकाने विचारलं, मुंग्या गेल्या का. मी म्हटलं, गेल्या, पण खांदा अजून धरलाय. तो माणूस बादली तिथेच ठेवून निघून गेला. दंतवैद्याने लांबूनच हाताने डावीकडे, डावीकडे अशी खूण केली. मी हसून नमस्कार केला. प्रसिद्धीची सवय करून घ्यायला हवी.

नाश्त्यानंतर आवराआवर. टपावर चढून अँटेना सोडवली, पाइप उपसला, सगळं खांद्यावर घेऊन खाली आलो. दार उघडलं.

टीव्ही चालू होता. चित्र स्वच्छ. एकही मुंगी नाही.

पहिल्यांदा वाटलं, वायरीत थोडा सिग्नल शिल्लक राहत असावा. नोकरीत दिवा विझल्यावरही काच गरम राहायची. मग अँटेनाची वायर बघितली. तिच्या टोकाच्या पिनवर दुकानातली निळी टोपी तशीच होती. टीव्हीच्या मागे दुसरीच वायर होती. काळी, अर्थिंगची.

कालचा कार्यक्रम पुन्हा दाखवत होते. चिंगी स्टुलावर उभी होती, हातात केरसुणी उंच धरलेली, मान माझ्यासारखीच वर. आवाजही माझाच. आलं का? गेलं का? मुंग्या गेल्या का? लोक खुर्च्यांवरून घसरत होते. सिग्नल खातं आलं. भोक आलं. हिच्या अंथरुणावरचं पातेलं आलं. साखरेचा डबासुद्धा आला.

मग तिने केरसुणी खाली ठेवली आणि साध्या आवाजात सांगितलं. ती चार वर्षांची असताना आईने तिला खिडकीत बसवून शिकवलं होतं की चित्र कितीही छान दिसू दे, थोड्या थोड्या वेळाने थोडं डावीकडे म्हणत राहायचं. बाबा गच्चीवर असेपर्यंत आई चहा करायची आणि बसून प्यायची. आठवड्यातला तेवढाच एक चहा तिला गरम मिळायचा. आणि आत्ता, या क्षणीही, एका तळ्याकाठी एका गाडीच्या टपावर बाबा उभे असतील आणि आई गरम चहा पीत असेल. कुणी तिथे असाल तर पडदा सरकवून बघा.

स्टुडिओतले लोक उभे राहिले. टाळ्या थांबत नव्हत्या.

मी दारातून आत आलो होतो. कधी आलो ते कळलं नाही. हातात अँटेना होती, काय बोलायचं ते ठरवत होतो. ही बाकावर पाय वर घेऊन बसली होती, हातात कप, कपातून वाफ येत होती. तिने माझ्याकडे बघितलं नाही. मान थोडी कलती करून माझ्यामागचा टीव्हीचा पडदा बघायचा प्रयत्न केला, आणि म्हणाली, थोडं डावीकडे.

सरकलो.