आठ नंबरची काठी

चि. प्रसेनजीत यास,

अंजनाआत्याचा जयभीम आणि पोटभर आशीर्वाद. निशाची कंबर आता कशी आहे? सूनबाईला म्हणावं, शेक घे आणि माझ्या भाच्याकडून भांडी घासून घे (भाचा म्हणजे तूच). इकडं मंगळवार पेठेत सगळे ठीक. माझे गुडघेही ठीक आहेत, तुझे बाबा काहीही सांगोत. फोनच करणार होते, पण फोनवर तू मधेच बोलतोस आणि मला शिकवतोस. पत्रात तुला गप्प बसावं लागतं, म्हणून पत्र.

तर काठी मोडली. हे तुला जयसिंगनं (तुझा बाप असला तरी आधी माझा धाकटा भाऊ) हसत हसत कळवलंच असेल. आता खरं काय झालं ते ऐक. एसटीतून कंडक्टर म्हणून रिटायर झाल्यावर मी मासे धरणार म्हटलं, तेव्हा तो म्हणाला, बाईमाणसानं बंधाऱ्यावर गळ टाकून बसणं शोभत नाही, आणि पहिल्याच दिवशी रिकाम्या हातानं आलीस तर पुन्हा जायचं नाही. मी कबूल झाले. मग एवढं पणाला लागलेलं असताना तू सांगितलेली सहा नंबरची काठी मी का घ्यावी? दुकानात आठ नंबरची होती. काठीवर तसं छापलेलंच होतं, आयएम आठ. दुकानदार धैर्यशील (नावाला जागणारा, माझं सगळं ऐकून घेतलं) समजावत होता, की ग्राफाइटचा हा आकडा ताकदीचा नसतो, कडकपणाचा असतो. आकडा चढेल तशी काठी हलकी आणि ताठ होते, पण वेडीवाकडी ओढली तर लवकर तुटते. वर म्हणाला, "मावशी, ह्या कंपनीचा आठ म्हंजे त्या कंपनीचा आठ न्हवं. ज्येनं त्येनं आपापला ठरवलेला हाय." हे मला अजिबात पटलं नाही. इचलकरंजीची पाटी लावलेली गाडी कुठल्याही डेपोची असो, इचलकरंजीलाच जाते की. आठच घेतली.

आणि काठी अशी, की हातात आहे असं वाटतच नाही. नेसरीच्या बंधाऱ्यावर कणकेचा गोळा लावून बसले, तर खाली मासा नुसतं तोंड लावून गेला तरी माझ्या बोटांना कळत होतं. तुझ्या सहाला कळलं असतं? शेजारी जयसिंग छत्री उघडून माझी फजिती बघायला बसलेला. दुपारी कटला लागला, चांगला दांडगा. आता इथं काठी खाली झुकती ठेवायची, रिळातनं तंगूसाचा दोरा सोडत मासा दमवायचा, हे मला माहीत आहे. धैर्यशीलनं बजावलं होतं. पण जन्मभर घंटीची दोरी ओढलेला हात, तो वरच गेला. काठी उभी झाली आणि शेंड्याकडून काडकन गेली.

जयसिंग डबा भरायला लागला. म्हणाला, "झालं न्हवं, आक्का? चल, गाडीची वेळ झाली." मी पदर खोचला, गुडघाभर पाण्यात शिरले (हेच ते गुडघे), हाताला पदर गुंडाळून तंगूस धरला आणि ओढायला लागले. तो ओढी, मी ओढी. भरल्या गाडीत माणसं चढवलेली बाई मी, एका कटल्याला हार जाणार होते? आला शेवटी काठाला. डबा, छत्री आणि कटला, तिन्ही जयसिंगनं उचलून आणलं. गाडीत कंडक्टर पोरीनं कौतुकानं विचारलं, कुणी धरला. त्यानं छत्री बगलेत मारली आणि म्हणाला, "आमच्या आक्कानं." घरी दोनदा रस्सा मागून घेतला.

तेव्हा काठीचं काही चुकलं नाही, आणि माझं तर नाहीच. आठ म्हणजे आठ. दर रविवारी जाणार, कुणाला काय म्हणायचं ते म्हणू दे.

तुझी आत्या,
अंजना

ता. क. तुझी ती सहा नंबरची जुनी काठी नुसती पडून आहे ना? कोल्हापूरला येणाऱ्या कुणाबरोबर तरी पाठवून दे. रविवारच्या आत.

आणखी एक ता. क. पाठवण्याआधी सहाचा खरवडून आठ करायला निशाला सांग. तू करू नको, तुझं अक्षर वाईट आहे, आणि मी पेठेत सगळ्यांना सांगून बसले आहे.