एकुलत्या विद्यार्थ्यानं गणित सोडण्याबाबत

मु. हिंगोली,
कार्तिक वद्य २, शके १८६४

साडूभाऊ माणिकराव यांना, हैदराबाद शहरी, तामिरात म्हणजे बांधकाम खात्याच्या ज्या खुर्चीवर बसले असतील तिथं, हिंगोलीहून उकंडराव मास्तराचा रामराम पोहोचावा.

इकडं सगळं ठीक आहे असं लिहायची रीत आहे म्हणून लिहिलं. ठीक काहीच नाही, ते पुढं येईलच. तुमच्या गुडघ्याला आराम पडला का? आमच्या जिवनबाईनं निर्गुडीचा पाला बांधायला सांगितला होता, तो तुम्ही बांधला नसणार (पूल बांधणाऱ्या माणसाला पाला बांधायची लाज वाटते). आशाबाईंना नमस्कार सांगा. ह्या साली लोणच्याची बरणी आली नाही म्हणून त्यांनी बहिणीवर रुसू नये. बरणी भरलेली होती, पण ती घरातल्या घरातच संपली, आणि कोणी संपवली हाच ह्या पत्राचा विषय आहे.

माणिकराव, मला धक्का बसला आहे. साधासुधा नाही. आज तीन दिवस झाले, चहाची बशी तोंडापाशी नेतो आणि तशीच खाली ठेवतो. जिवनबाईनं मीठमोहऱ्या ओवाळून चुलीत टाकल्या, त्या तडतडल्यासुद्धा नाहीत, म्हणजे दृष्ट नाही. मग काय आहे, असं तिनं विचारलं. मी म्हणालो, गणित आहे. तेव्हापासून ती माझ्याशी जपून बोलते.

तर ऐका. आमच्या मदरशात, म्हणजे ह्या सरकारी शाळेत, मॅट्रिकला खालचं गणित सगळ्यांना असतं आणि वरचं गणित ज्याच्या त्याच्या मर्जीवर असतं. ह्या साली अख्ख्या वर्गात एकाच पोरानं ते घेतलं. नाव पेमा. सेनगावच्या अंगाला जो तांडा आहे, तिथल्या भावसिंगाचं हे लेकरू. भावसिंगाचा आजा बैलांवर मीठ लादून मुलूखभर हिंडायचा, भावसिंग कापूस-तूर करतो, आणि पोराला इंजिनेर व्हायचंय. काहून, तर त्यांच्या वाटेवरच्या ओढ्याला पूल नाही आणि पावसाळ्याचे चार महिने तांडा जगापासून तुटून बसतो. पोरगं असं हुशार आहे की आकडा दिसला की त्याला तहानभूक राहत नाही. आणि मी वरच्या गणिताचा मास्तर (पुस्तक उर्दूत आहे, म्हणजे वाक्य उजवीकडून येतं, आकडे डावीकडून येतात आणि मधी मी सापडतो). एक मास्तर, एक विद्यार्थी. शाळाखात्याच्या मोहतमीम साहेबांचा हुकूम आहे की विद्यार्थी एक असला तरी तास चालेल, पण एकही नसला तर त्या मास्तराची तिथं गरज नाही, त्याची बदली उटनूरला. उटनूर तुम्ही नकाशात पाहा. तिथं रान आहे आणि रानात थंडीताप आहे. जिवनबाई म्हणाली, तुम्ही खुशाल जा, मी तोवर माहेरी राहते.

आता सांगा, अशा स्थितीत गेल्या बुधवारच्या आधीच्या बुधवारी हे पोरगं तासाला उभं राहतं आणि म्हणतं, सर, परीक्षेचा फारम भरायच्या आत मी वरचं गणित सोडून राहिलो. खडू माझ्या हातातून पडला. मी विचारलं, काहून रे बाबा? तर मान खाली. अवघड जातंय का? मान आडवी. मी काही बोललो का? मान आणखी आडवी. इंजिनेरीचं काय मग? तर म्हणे, बघू.

इंजिनेरीला हा विषय लागतो का नाही, हे हिंगोलीत धड कोणालाच ठाऊक नाही. वकील म्हणतात लागतो. स्टेशनमास्तर म्हणतात नुसती ओळख लागते. आमचे सदर मुदर्रिस, म्हणजे हेडमास्तर, म्हणाले की कागद आल्यावर बघू, आणि त्यांच्याकडं कागद कधीच येत नसतो. मी म्हटलं, जाऊ द्या, आपणच पोराला वळवू. दुसऱ्या दिवसापासून त्याला मधल्या सुट्टीत घरी जेवायला आणलं. बोर्डिंगातलं पोर ते, लोणचं म्हणजे त्याचा जीव. आठ दिवसांत बरणीचा तळ दिसला. हात धुवायला पाणी मी घातलं. पोरगं अवघडून म्हणे, सर, मी घेतो की. मी म्हणे, बस, बस. आमची दोन्ही कार्टी दारात उभी राहून बघत होती की बापाला झालंय काय, कारण त्यांच्या हातावर मी आजवर छडीशिवाय काही घातलेलं नाही. एवढं करून पोरगं जेवून उठलं की तेच. सर, सोडून राहिलो.

शेवटी जुम्म्याच्या सुट्टीला बैलगाडी करून मी तांड्यावर गेलो. वाटलं, बापाला दोन शब्द सांगावे आणि परतावं. पण तांड्याची रीत अशी की ज्या गोष्टीत दोन मतं पडली ती घरात मिटवायची नाही, पंचायतीपुढं आणायची. नसाब म्हणतात तिला. मला कळायच्या आत निंबाखाली घोंगड्या पडल्या, नायक येऊन बसला, म्हातारे बसले, आणि तंटा पुकारला गेला: एका अंगाला पेमा, दुसऱ्या अंगाला वरचं गणित. गणिताच्या तर्फे बोलायला मी. गेल्याच घटकेला तिथं एका बैलाचा तंटा निकालात निघाला होता, त्याचा बैल अजून शेजारीच उभा होता.

मी चांगलं पाऊण तास बोललो, माणिकराव. विद्येची महती सांगितली, देश सांगितला, हैदराबादचे पूल सांगितले, तुमचं नावसुद्धा घेतलं. नायकानं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, ते ठेवल्यानं पोराचं काय बिघडते? काही नाही, असं मी म्हणालो. आन् सोडल्यानं? मी म्हणालो, पुष्कळ. मंग भांडण काहाचं हाय? सगळ्यांनी पेमाकडं पाहिलं. पेमानं निंबाकडं पाहिलं. तेवढ्यात त्याची आजी भिकाबाई, जी इतका वेळ शेळीच्या पायातला काटा काढत होती, तिनं वर न बघता विचारलं, मास्तर, तुमाले येते का हे?

काय प्रश्न आहे हा! सरकारनं ज्याला नेमलं त्याला विचारायचा? माझ्या कानाच्या पाळ्या तापल्या. मी म्हणालो, येतं म्हणजे काय, येतंच. तर म्हातारी म्हणते, बैल घ्यायचा तर आदी जुंपून पाहतेत. मास्तरले जुंपा. आणि पंचांनी माना डोलावल्या! पेमानं पुस्तकातलं एक गणित काढून द्यावं, मास्तरानं सगळ्यांदेखत सोडवावं, सुटलं तर पोरानं विषय ठेवायचा, असा ठराव झाला. मला दरदरून घाम फुटला (ऊन होतं). पेमानं पुस्तक घेतलं, पानं मागं नेली, पुढं नेली, फार वेळ घेतला, आणि पुस्तक मिटून म्हणाला, सरांनी ह्या निंबाची उंची सांगावी, झाडावर न चढता.

अहो, झाडाची उंची! हा तर माझ्या हातचा मळ. हजेरीपटाचा चौकोनी कागद कोपऱ्याला कोपरा लावून दुमडला, कोट आणि टोपी सांभाळत मागं मागं सरकलो आणि कागदाच्या तिरप्या कडेवरून शेंडा दिसावा म्हणून सरळ जमिनीवर आडवा झालो. शेळ्यांच्या लेंड्यांत, माणिकराव. टोपी एका करडानं तोंडात धरली. नायकानं विचारलं, इंजिनेर लोक रोज असेच लोळून राहतेत का? मी पडल्या पडल्या व्हय म्हणालो (तुमच्या खात्याची अब्रू गेली असेल तर माफी असावी). मग माझ्या डोळ्यापासून बुंध्यापर्यंत हातानं मोजलं आणि उठून जाहीर केलं, एकतीस हात. एक पोर दोर घेऊन शेंड्यावर चढलं. दोर खाली आला, मोजला गेला, एकतीस हात आणि एक वीत. तांड्यानं असा कल्ला केला की तो बैल दावं तोडून पळाला. निकाल माझ्या बाजूनं लागला. भिकाबाईनं मला ताकाचा तांब्या दिला, तेव्हा माझ्याकडं जरा जास्त वेळ पाहिलं आणि परत शेळीपाशी गेली.

आणि आता धक्का. दुसऱ्या दिवशी सकाळी, शनवारी, मी ताठ मानेनं वर्गात गेलो तर पेमा उभा. डोळ्यांत पाणी. म्हणाला, सर, पंचांचा निकाल मोडल्याचं जे काय होईल ते होईल, पण मी सोडूनच राहिलो. आणि बाहेर गेला! ज्या तांड्यात पंचांपुढं बाप बोलत नाही तिथलं हे पोर! मी रिकाम्या बाकाला अर्धा तास शिकवत होतो असं शिपाई सांगतो. मला आठवत नाही.

फारम बेस्तरवारी जाणार आहेत. त्याआधी एवढंच कळवा, की तुमच्या हैदराबादच्या कॉलेजात इंजिनेरीला वरचं गणित लागतं का. आपण जाणते आहात, त्याच वाटेनं गेलेले आहात. मी वाट पाहून राहिलो आहे. लहानांना आशीर्वाद, थोरांना दंडवत, आणि गुडघा जपा.

आपला,
उकंडराव

ता.क. लागो न लागो, लागतं असंच लिहा. सरकारी कागदावर लिहा. शिक्का मारता आला तर मारा, कुठलाही चालेल.

दुसरा ता.क. सोबत वेगळ्या कागदावर एक गणित आहे, पुस्तकाच्या एकशे सत्तेचाळीस पानावरचं नववं. ते तेवढं सोडवून उलट टपाली पाठवा. पायऱ्या सगळ्या लिहा, एकही गाळू नका. हे काम सगळ्यात निकडीचं आहे, बाकीचं पत्र नाही वाचलं तरी चालेल.

तिसरा ता.क. वरती तुम्ही-आम्ही लिहिलं ते तुझ्या हुद्द्याला. आता वर्गमित्राला लिहितो. माणक्या, लागतं का असं मी तुला विचारलं, पण मला ठाऊक आहे की लागतं. मॅट्रिकच्या साली ह्याच दिवसांत तू मला म्हणालास, उकंड्या, सोड ते वरचं गणित, कॉलेज काही विचारत नाही. मी सोडलं. तू ठेवलंस. कॉलेजनं मला पहिल्यांदा तेच विचारलं आणि मी दारातून परत आलो. तू मुद्दाम केलंस असं मी कधी म्हणालो नाही, आज पण म्हणत नाही. पण पुढं मास्तर झालो, तर सरकारनं नेमकं तेच मला शिकवायला दिलं, दुसरं कोणी नव्हतं म्हणून! सहा महिने मी पोराच्या एक धडा पुढं पळून राहिलो आहे, आणि एकशे सत्तेचाळीसाव्या पानावर पाय अडकला. तांड्यावर येतं म्हणून सांगितलं ते खोटं सांगितलं. निंबाचं गणित खालच्या पुस्तकातलं आहे. वरच्यातलं एखादं काढलं असतं तर मी आजही तिथंच आडवा असतो.

चौथा ता.क. (बुधवार. पत्र अजून खिशातच आहे, बरं झालं.) आज मधल्या सुट्टीत पेमा आला. हातात एक कागद होता. एकशे सत्तेचाळीस, नववं, बारा ओळींत सोडवलेलं. मी म्हणालो, अरे, येतंय की तुला! मग सोडतोस काहून? तर म्हणाला, सर, त्या दिशी मी मुद्दाम सोपं काढलं. आजीच्या ध्यानात आलं, ती बोलली न्हाई. तुमी फळ्यापाशी गेले की एकच ओळ चार डाव लिवता आन् पुसता, मले बघवत न्हाई. तुमी मले जेवू घालता, हातावर पाणी घालता. मी सोडलं की तुमची तकलीफ संपली. मी म्हणालो, आणि तुझी इंजिनेरी? त्याला लागतं हे गणित. तर म्हणाला, ते ठाऊक हाय सर, न लागणाऱ्या विषयापायी तुमी लेंडकात लोळले नसते.

माणिकराव, मी रडलो. लेकरापुढं रडलो, शिपायानं पाहिलं. एवढंसं पोर, माझी लाज झाकायला स्वतःचा पूल मोडून राहिलं होतं आणि मी त्याला हट्टी म्हणत होतो. मग मीही सगळं सांगून टाकलं, उटनूरसकट. ते ऐकून त्यानं आ वासला. मंग हे आदी काहून न्हाई सांगितलं, म्हणून माझ्यावरच ओरडलं, आणि बराबर ओरडलं.

फारमावर वरचं गणित मी माझ्या हातानं लिहिलं आणि खाली सही केली. उद्या जाईल. अट एकच ठरली. ह्यापुढं खडू त्याच्या हातात, बाकावर मी. आजच पहिला तास झाला. सातव्या ओळीला मी चुकलो, दोनदा चुकलो. मी त्याच्या जागी असतो तर मला बाकावर उभं केलं असतं. त्यानं नुसतं पुसलं आणि म्हणाला, सर, पुन्हा पहिल्यापासून करू.

तेव्हा सोबतच्या गणिताचं उत्तर पाठवू नका, ते मला आता आलं आहे. इतक्या वर्षांत तुम्ही विसरला असाल तर मात्र लाजू नका, कळवा. पेमाला सांगून पायऱ्या लिहून पाठवतो.