गाडा घरी पोचवायचा आहे

वाडी, ता. चाकूर
३० ऑक्टोबर २०२५

चि. भुजंगास अक्काचा आशीर्वाद.

इकडे सगळं ठीक. सोयाबीन भिजलं होतं, वाळवून आत घेतलं. म्हैस व्याली, रेडकू झालं. हरिओम दिवाळीला आला होता, परवा नांदेडला परत गेला. तिथलं औषधाचं दुकान आता तोच सांभाळतो. तुला फोनच केला असता, पण फोनवर तू 'अक्का, अक्का' करून गळा काढतोस आणि माझं बोलायचं राहून जातं. म्हणून कागद घेतला.

भाऊबीजेला तू बायकोच्या, गोदाच्या हाती पाठवलेली साडी पोचली. रंग चांगला आहे. घडी मोडलेली नाही.

तुझा निरोपही पोचला. तुझी पुनम माझ्या हरिओमला द्यायची म्हणतोस. मामाची पोरगी, हक्काची. पोरांचं एकमेकांवर मन आहे हे मला दिसतं, मी काही आंधळी नाही. पुनम मला लहानपणापासून आवडते. नाक तेवढं तुझ्यावर गेलंय, त्याला ती बिचारी काय करणार.

पण आधी गाड्याचं बोलू.

मरीआईच्या गाड्याचा मान आपल्या घराचा. साथ आली की गाडा ओढत शिवेवर न्यायचा, पुढच्या गावानं तो त्यांच्या पलीकडच्या शिवेवर पोचवायचा, म्हणजे रोगराई त्याच्यासोबत जाते, हे ऐकतच आपण मोठे झालो. पण पुढचं गाव सुखासुखी कुठं घेतं? पटकीच्या साथीत आपले आबा डोकं फोडून घेऊन परत आले होते. ते तू विसरला नव्हतास. म्हणून करोनाच्या दुसऱ्या लाटेत, सगळं बंद असताना, तू आधी तुझा गडी केरबा आमच्याकडे, शिवेपलीकडच्या वाडीत, पाठवलास. निरोप होता, "दाजी, शिवेवर या. काठी आणू नका. नात्याचा इषय हाय."

मी तुझ्या दाजींना नको म्हटलं होतं. ते म्हणाले, "मेव्हण्यानं पैल्यांदाच काही मागितलंय. न्हाई कसं म्हनू?"

दोन्ही गावं शिवेवर गोळा झाली. तू दाजींना मिठी मारलीस, तुझ्या हातानं मळलेली तंबाखू दिलीस, आणि दोघांनी मिळून गाडा हलवला. हलगी वाजवत तो आमच्या वाडीतून फिरवला. आठवडा गेला नाही तोच घरोघर खोकला. पुढच्या गावानंही सोयरीक बघून गाडा घेतला, त्याच्या पुढच्यानंही घेतला, आणि ताप त्याच्या मागोमाग चालत गेला. तुझ्या दाजींना लातूरला नेलं. तिथून ते आलेच नाहीत. मला त्यांचं तोंडसुद्धा बघू दिलं नाही.

हरिओम म्हणतो, "आई, रोग गाड्यात नव्हता, ढकलणाऱ्यांच्या श्वासात होता. जगात बी हेच झालं. ज्याला त्याला वाटलं, आपल्या शिवेभाईर गेलं की सुटलो." तरी मी तुला कधी बोल लावला नाही. अडाणीपणा झाला, सगळ्यांच्याच हातून झाला, असं मनाला समजावत राहिले.

मग गोदा साडी घेऊन आली आणि माझ्या ओसरीवर बसून रडायला लागली. गाडा निघायच्या आधीच तिची तपासणी झाली होती. करोना निघाला होता. लोकांनी घर वाळीत टाकू नये म्हणून तू तिला शेतातल्या आखाड्यावर, गुरांच्या खोपीत, ठेवलंस आणि गावात सांगितलंस, माहेरी गेलीय. तुझं स्वतःचं अंगही तापलं होतं. गोळी खाऊन तू शिवेवर आलास. गोदा म्हणाली, "म्या म्हन्लं, दाजीला हात नका लावू. तर म्हन्ले, मिठी न्हाई मारली तर लोकायला संशय येईल."

भुजंग, हे वाचताना तुझं तोंड कसं झालंय ते बघायला मला फार आवडलं असतं. मी अन्नपाणी सोडून बसले असेन असं समजू नकोस. चांगल्या दोन भाकरी खाऊन कामाला लागले.

गाडा तीन गावं पलीकडे ओढ्यात पडून होता. ट्रॅक्टर नेला, काढून आणला. शंकरप्पा सुतारानं नवं चाक बसवलं. विचारत होता, "अक्का, साथ तर कवाच गेली. आता गाडा कशाला?" म्हटलं, घरी पोचवायचा आहे.

सोयरीक मला मान्य आहे. अट एकच. त्रिपुरी पौर्णिमेला सकाळी मी गाडा घेऊन शिवेवर येते. आपल्या दोन्ही गावांना सांगावा दिलाय, पुढच्या गावांत ज्यांची माणसं गेली त्यांनाही दिलाय. सगळ्यांसमोर तुझ्या तोंडानं सांग, त्या दिवशी तुझ्या घरात काय होतं. मग गाडा एकट्यानं ओढत तुझ्या दारात ने. तिथून तो कधी हलायचा नाही. पुनमची पाठवणी त्याच्याच शेजारून होईल. रोज दार उघडलंस की तो दिसला पाहिजे. माफी मागू नकोस, मी देणार नाही.

आला नाहीस तर मी सांगेन. गोदा माझ्या शेजारी उभी राहणार आहे. आणि लग्न का मोडलं ते पोरीला तुझं तू सांग.

हा कागद केरबाच्याच हाती देते. निरोपही तुझाच आहे. शिवेवर ये. काठी आणू नकोस. नात्याचा विषय आहे.

तुझ्या दाजींची बायको,
सिंधु