बांधावरचा पाला

प्रणाली,

दहापर्यंत वीज आहे, डाळिंबांना पाणी देऊन येतो. चहा झाकून ठेवलाय.

चेहऱ्याचा लेप करण्यात तुझं काहीच चुकलं नव्हतं. हळद, दही घरचंच होतं. पण बांधावरच्या ज्या कडुलिंबाचा पाला तू तोडलास, त्याच्यावर आदल्या संध्याकाळी माझ्या फवारणीचं औषध उडालं होतं. तुला सांगायचं मी विसरलो. नंतर आई तीन दिवस "पार्लरचं पैसं वाचवाया गेली आन् थोबाड भाजून बसली" म्हणत राहिली, तेव्हा गप्प बसलो. ते मात्र विसरून नाही.

आज चेहऱ्याला काही लावू नको, नुसत्या गार पाण्यानं धू. अकराला भिगवणच्या डॉक्टरांकडे जायचं आहे. औषधाची रिकामी बाटली त्यांना दाखवायला पिशवीत घातली आहे. वाटीतला उरलेला लेप मी पुरून टाकला.

आईला पहाटे सगळं सांगितलं. ती म्हणाली, "तीन दिस मला का बोलू दिलंस रं?"

दवाखान्यात तुझ्याबरोबर तीच येणार आहे. मला म्हणाली, "तू मागनं ये."

समाधान